निळ्या पट्टीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कमरेला निळी पट्टी, झाकणाला एका बाजूने पोचा, तळाशी थोडा गंज. डब्यांच्या जातीत जन्माला येऊन मी काही मोठा पराक्रम गाजवला असे नाही. पण एक गोष्ट माझ्या वाट्याला आली, ती सहसा डब्यांच्या वाट्याला येत नाही. साखरेच्या डब्याला आपल्यात साखर आहे हे ठाऊक असते, चहाच्या डब्याला चहा. माझ्या पोटात काय आहे, हे मात्र मला माहीत नव्हते. ज्यांनी भरले त्यांनी सांगितले नाही आणि ज्यांनी रिकामे केले त्यांनाही ते ठाऊक नव्हते. कळायला फार वर्षे लागली. कळले तेव्हा वाटले, नसते कळले तर काय बिघडले असते?

स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात मला पत्र्यातून कापले, वळवले आणि सांधले. माझ्याबरोबर पुष्कळ भाऊ जन्मले. निम्म्यांना निळी पट्टी लावली, निम्म्यांना पिवळी. मग आम्हाला खोक्यांत भरून शहरातल्या एका इस्पितळात पाठवले. तिथे दिवस पुरे भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांची खोली होती आणि त्या खोलीच्या फळीवर आमची रांग लागली.

ती खोली मी विसरलेलो नाही. काचेच्या पेट्यांत बाळे निजलेली असत. त्यांच्या कातडीखालून शिरा दिसत. बाळे असलेल्या खोलीत रडणे ऐकू यावे, पण तिथे यंत्रेच काय ती टिकटिकत. बाळे रडत नसत, कारण रडण्याइतके बळ त्यांच्यात नव्हते. कधी एखादे डोळे उघडून वर बघत राही. काय बघते, हे कोणाला सांगता येत नसे. सकाळी एखादी पेटी रिकामी दिसली की नर्सबाई ती पुसून घेत आणि तिच्याविषयी कोणी बोलत नसे.

निळा आणि पिवळा हा काय प्रकार होता, ते सांगतो. पोटातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळाला आईच्या रक्तातून एक खास प्रकारची चरबी मिळते. तिच्यावर त्याचा मेंदू आणि डोळे पोसतात. जे बाळ घाईने बाहेर आले, त्याचे हे जेवण अर्धेच राहते. आईचे दूध मिळाले तर थोडी भरपाई होते. डब्याच्या दुधात मात्र त्या काळी ती चरबी नसायची. म्हणून डॉक्टरांनी ठरवले, एका रंगाच्या डब्यांत माशाच्या तेलातली ती चरबी घालायची, दुसऱ्या रंगाच्या डब्यांत नेहमीचेच दूध ठेवायचे, आणि मुले वाढतील तशी त्यांची नजर आणि समज तपासत जायची. कोणत्या रंगात काय आहे, हे डॉक्टरांपासून नर्सपर्यंत कोणालाही कळू द्यायचे नाही. कारण एकदा कळले की माणूस आपल्याला हवे तेच पाहतो. हा नियम मला तेव्हाही पटला होता. पुढे जे घडले त्यात नियमाची चूक नव्हती. चूक एवढीच झाली की नियम सांगितला तेव्हा ऐकणारी ऐकण्याच्या स्थितीत नव्हती.

तिचे नाव एल्सपेट. पोर्टस्केली या कोळ्यांच्या गावची सून. तिचा नवरा विली बोट घेऊन बांगड्याला गेला आणि बोटीसकट नाहीसा झाला. बातमी आली त्याच संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, पण फार लवकर झाली. दुःखाने एल्सपेटचे दूध आटले. कोणीतरी तिच्यापुढे कागद धरला, दोन रंगांचे समजावून सांगितले, तिने मान हलवून सही केली. तिच्या कानात तेव्हा नुसता वारा घुमत होता.

पोर्टस्केलीत बाप गेल्यावर मुलगी झाली तर बापाच्याच नावाला शेपूट जोडून तिचे नाव ठेवतात. विलीची म्हणून विलिमिना. एवढ्याशा जिवाला एवढे लांब नाव कोण हाक मारणार? सगळे तिला मीना म्हणू लागले. थंडी सरता सरता मीनाला घरी सोडले, आणि तिच्याबरोबर मीही पोर्टस्केलीला आलो.

घरात तिघीच. एल्सपेट, तान्ही मीना आणि विलीची आई टिबी. टिबी म्हणजे खारे वारे खाऊन वाळलेली बाई. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तिने मला चुलीवरच्या फळीवर ठेवले आणि सुनेला बजावले, "डब्याला ओला हात लावायचा नाही. आणि दाराला कडी घालायची नाही."

"थंडी येते, आई."

"येऊ दे. तो अजून सापडला नाहीये. घरी आला आणि दार बंद दिसलं तर?"

असे ते घर होते. विलीचा कप खुंटीला, विलीचे रबरी बूट दाराशी, आणि दार नुसते लोटलेले. समुद्रावरून धुके आले की भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. दार वाऱ्याने जरासे सरकले की तिघीही तिकडे बघत. हो, तिघीही.

मला मात्र तिथे एक मान मिळाला. कोळ्यांच्या त्या गावात काही शब्द तोंडाने उच्चारायचे नसतात. डुकराचे नाव घ्यायचे नाही, पाद्र्याला पाद्री म्हणायचे नाही. चुकून निघालेच तर "गार लोखंड!" म्हणून चटकन लोखंडाला हात लावायचा, म्हणजे पीडा टळते. त्या स्वयंपाकघरात हाताशी येणारे लोखंड म्हणजे मीच. एकदा खुद्द पाद्रीबाबा सांत्वनाला आले. ते आत पाऊल टाकतात तोच टिबीने मला स्पर्श केला, खुर्चीत बसले तेव्हा पुन्हा केला, आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली तशी ती मला मांडीवरच घेऊन बसली. पाद्रीबाबांना वाटले, म्हातारीचा नातीच्या दुधावर किती जीव!

दर पंधरवड्याला शहरातून गेडिस सिस्टर यायची. कामसू, हसरी बाई. मीनाला वजनकाट्यात ठेवायची, नोंद करायची आणि निळी खूण असलेल्या पिशव्या फोडून मला गळ्यापर्यंत भरून जायची. पहिल्या भेटींत सगळे ठीक होते. मीना चाटूनपुसून बाटली संपवायची.

मग एका दुपारी, बाहेर धुके दाटलेले असताना, एल्सपेट मीनाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत होती. मीनाने ढेकर दिली. एल्सपेटचा हात तिथेच थांबला.

"आई, इकडे या जरा. हिच्या तोंडाचा वास घ्या."

टिबीने वाकून वास घेतला. मग सरळ होऊन ती दाराकडे बघत राहिली.

"काय आहे?" एल्सपेटने विचारले.

"समुद्र," टिबी म्हणाली.

त्या दिवसापासून त्या दोघी बाळाला पाजल्यावर वाकून वास घेऊ लागल्या. कधी यायचा, कधी नाही. मला स्वतःला वास येत नाही, त्यामुळे मी साक्ष देऊ शकत नाही. पण दोघींचे चेहरे मला फळीवरून स्वच्छ दिसत, आणि वास आला की ते कसे पांढरे पडत तेही दिसे.

पुढच्या खेपेला गेडिस सिस्टर आली तेव्हा एल्सपेटने विचारले, "सिस्टर, या दुधात काय काय असतं हो?"

"भुकटी असते गं. साखर, जीवनसत्त्वं, तेल."

"कसलं तेल?"

"अगं, तेच तर बघतोय ना आपण! इस्पितळात सांगितलं होतं की तुला, सही केलीस. एका रंगात माशाचं तेल आहे, एका रंगात नाही. तुमचा निळा. आता निळ्यात काय, ते मलाही ठाऊक नाही. देवाशपथ."

"कुठल्या माशाचं?" चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या टिबीने विचारले.

गेडिस सिस्टर शहरात वाढलेली. मासा तिला ठाऊक होता तो तळून कागदात गुंडाळलेला. बाळाचे लंगोट सारखे करता करता ती सहज म्हणाली, "असेल कुठलातरी तेलकट मासा, आजी. बांगड्यात वगैरे पुष्कळ असतं म्हणे. डोक्याला चांगलं!"

मित्रांनो, तुमच्याकडे बांगड्याचे कालवण आवडीने खाणारी घरे पुष्कळ असतील. पोर्टस्केलीत बांगडा पकडतात, खाडीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या रशियन जहाजांना विकतात, पण तो चुलीवर चढवत नाहीत. कारण बांगडा बुडालेल्या माणसांना खातो, असे तिथे पिढ्यानपिढ्या मानतात. टिबीची म्हणच होती, 'बांगड्याला विचारू नये, काल काय जेवलास.'

तो शब्द निघाला तशी एल्सपेट आणि टिबी, दोघींचे हात एकदमच माझ्याकडे आले. गार लोखंडाकडे. आणि माझ्यापासून बोटभर अंतरावर दोन्ही हात थबकले. जे टाळायचे, ते माझ्याच पोटात होते. मग दोघींनी हात हळूच मागे घेतले. गेडिस सिस्टरने हे पाहिलेच नाही. ती लंगोटातच गुंतली होती; मग उठून तिने मला नव्या भुकटीने भरले.

ती गेल्यावर टिबीने मला फळीवरून काढले आणि बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. हाताने नाही, फडक्यात धरून. त्यानंतर तिने मला शिवणे सोडले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती मला माझीच वाटू लागली. रात्रंदिवस धुक्यात बसून मी पोटातल्या भुकटीकडे लक्ष लावी. ती हलते का, कुजबुजते का? आपल्या आत एक बुडालेला माणूस चिमूटचिमूट भरलेला असेल तर? डब्याला आपले झाकण उघडून आत डोकावता येत नाही.

आता एल्सपेटने काय केले ते सांगतो. तिने मीनाला माझे दूध देणे बंद केले. कोणाला काही बोलली नाही. सासू बाजारात गेली की ती शेजारच्या गोठ्यातले गाईचे दूध आणायची, त्यात पाणी आणि साखर घालायची आणि तेच बाटलीत भरायची. तिच्या आजीच्या वेळी पोरे अशीच वाढली होती, हे खरे. पण ती पोरे पूर्ण दिवसांची होती आणि त्यांतली किती वाढली नाहीत याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

आणि मला रिकामे तर करायला हवे होते, नाहीतर सिस्टरला कळले असते. धुके दाट असले की एल्सपेट मला शालीखाली घेऊन धक्क्यावर जाई. धक्क्याच्या टोकाला पाणी दिसत नसे, नुसते ऐकू येई. ती झाकण काढायची आणि मोजायच्या चमच्याने एकेक चमचा खाली सोडायची.

"घे," ती पाण्याला म्हणायची. "तुझं तुला परत. माझ्या पोरीला नको."

पांढरी भुकटी क्षणभर पाण्यावर तरंगायची, मग दिसेनाशी व्हायची. एरवी पावाच्या तुकड्यासाठी जीव टाकणारे समुद्रपक्षी तिच्या जवळही येत नसत. एकदा एल्सपेट चमचा हातात धरून बराच वेळ कान देऊन उभी राहिली. खालून कोणी हाक मारतेय का, असे ऐकल्यासारखी. मला काही ऐकू आले नाही. पण मी पत्र्याचा आहे. माझे ऐकणे ते काय!

इकडे मीना गप्प होत चालली. आधी रडणे थांबले, मग हातपाय हलवणे कमी झाले. लंगोट पुन्हा पुन्हा पाण्यासारख्या पातळ शीने भिजत. चेहऱ्यात फक्त डोळे उरले. आणि ते डोळे पाळण्यातून सारखे दाराकडे लागलेले असत. दार लोटलेले, दाराशी विलीचे बूट, फटीतून धुक्याची वाफ आत येतेय, आणि हे पोर पापणी न लववता तिकडे बघतेय. मी खिडकीच्या काचेतून ते पाहायचो.

"वजन वाढत का नाही गं हिचं?" गेडिस सिस्टरने विचारले. "दूध पिते ना सगळं?"

"पिते," एल्सपेट म्हणाली.

सिस्टरने मला उचलून पाहिले. मी रिकामा होतो. म्हणजे माझी साक्षही आईच्याच बाजूची. बोलता आले असते तर मी ओरडलो असतो.

"मग हे बरं लक्षण नाही. येत्या खेपेला असंच दिसलं तर पुन्हा दाखल करावं लागेल. अशा अंगाने बाळं फार दिवस काढत नाहीत, एल्सपेट. स्पष्टच सांगते."

मला पुन्हा भरून सिस्टर गेल्यावर टिबी पाळण्यापाशी बसली. मग मीनाच्या नजरेच्या रोखाने दाराकडे बघून म्हणाली, "बघ कशी बघतेय. तो आलाय. पोरीला न्यायला आलाय."

"आई, असं नका ना बोलू!"

"मी कशाला बोलू? ती बघतेय." टिबी उठली, विलीचे बूट उचलले आणि त्यांची टोके दाराबाहेर समुद्राकडे वळवून ठेवली. "जा बाबा," ती उंबऱ्याला म्हणाली. "तुझी लेक आहे मान्य, पण आमच्याकडे दुसरं काय आहे? जा." आईने मुलाला असे दारातून घालवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांची टोके आतल्या बाजूला होती. वाऱ्याने दार आपटून झाले असेल. मांजरानेही केले असेल. टिबीने ते पाहिले आणि ती पाळण्यापाशी जाऊन बसली.

सिस्टर पुन्हा यायला दोन दिवस उरले असताना, एका दुपारी एल्सपेट मला घेऊन धक्क्यावर गेली. शेजारणीला पोरीजवळ बसवून टिबी तिच्या मागोमाग आली, हे तिला कळले नाही. सून भरल्या धुक्यात धक्क्याच्या टोकाला जाते म्हटल्यावर सासूच्या मनात काय आले असेल, ते सांगायला नको.

"एल्सपेट! मागं हो! मागं हो आधी!"

एल्सपेट दचकून वळली. तिच्या बोटांना पांढरी भुकटी लागली होती.

"उडी नाही मारत मी, आई."

"मग काय करतेस मेले इथं?"

"दूध ओततेय." ती एकदम रडायला लागली. "त्या दिवसापासून ओततेय. पोरीला गाईचं पाजते. विलीला नाही पाजणार मी तिला. नाही म्हणजे नाही! तुम्ही हातसुद्धा लावत नव्हतात डब्याला, मी ते तिच्या पोटात घालू?"

टिबी दोर बांधायच्या खांबावर बसली. धुक्यात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"सगळं ओतलंस?"

"तळाला थोडं उरलंय."

"आणि पोरगी तिकडं उपाशी."

खाली पाणी दगडांवर आपटत होते. मग टिबी बोलू लागली, सुनेशी कमी आणि स्वतःशी जास्त.

"काय गं मी म्हातारी! अक्कल गहाण टाकली होती. म्हणे न्यायला आलाय. अगं, माझा विली कधी रिकाम्या हातानं घरी आलाय? बोट रिकामी आली तर वाटेत कुणाकडून तरी दोन मासे उसने आणायचा, पण आईच्या दारात हात हलवत नाही यायचा. तो न्यायला नाही आला, पोरी. द्यायला आलाय. सारखा दाराशी उभा राहतोय आणि आपण दोघी त्याच्या हातचं घेऊन समुद्रात फेकतोय."

"पण आई, त्यात तो..."

"असू दे! असेल तर असू दे. बापाचं काम काय असतं? पोराला भरवायचं. असता तर बोटीवर राबून भरवलं असतं. आता नाही, तर जमतंय तसं भरवतोय. नको म्हणणारी तू कोण आणि मी कोण?"

तिने माझ्याकडे हात पुढे केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. फडके न घेता, उघड्या हाताने तिने मला छातीशी धरले आणि दोघी घरी आल्या.

तळाशी जेमतेम एका बाटलीपुरते उरले होते. टिबीने ते चमच्याने खरवडले. त्यातली चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मग पाणी कोमट करून दूध कालवले, मीनाला मांडीवर घेतले आणि बाटली तिच्या ओठांना लावली. पहिल्यांदा मीनाने तोंडच उघडले नाही. टिबीने थेंब ओठावर सोडला. "घे गं बाय. तुझ्या बापानं आणलंय."

मीनाने ओठ हलवले. मग ओढले. मग पुन्हा ओढले. आणि पिताना तिची नजर दारावरून निघाली आणि आजीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. एल्सपेट भिंतीपासून पुढे आली आणि त्या दोघींपाशी जमिनीवर बसली.

डबा सांडला असा निरोप शहरात गेला आणि दुसऱ्याच दिवशी गेडिस सिस्टर नव्या पिशव्या घेऊन आली. त्यापुढे मी भरत राहिलो आणि रीतसर रिकामा होत राहिलो. मीना रडायला लागली, तेव्हा घरात सण असल्यासारखे झाले. "रड, रड, भोंगा लाव!" टिबी म्हणायची. मग ती बसली, रांगली, उभी राहिली. डॉक्टरांनी तिला ठोकळे रचायला दिले, चित्रे दाखवली. चालायला जरा उशीर झाला, डोळ्याला चष्मा लागला, बोलू लागली ती मात्र थांबेना. चारचौघींसारखी मुलगी झाली, आणि त्या घराला तेवढेच हवे होते.

माझे काम संपले तेव्हा गेडिस सिस्टर रिकामा डबा मागायला आली. टिबीने तिला चहा दिला, केक दिला, पण डबा दिला नाही.

विली कधीच सापडला नाही. पोर्टस्केलीच्या स्मशानात बोटीवरच्या सगळ्यांच्या नावांचा एक दगड आहे, पण त्याच्याखाली माती तेवढी आहे. टिबी तिकडे जात नाही. तिने मला खिडकीत समुद्राकडे तोंड करून ठेवले आहे. डब्याला तोंड कुठले, असे तुम्ही म्हणाल. पण तिने एक बाजू ठरवली आहे. रोज ती मला पुसते आणि माझ्याशी बोलते. "विली, पोरगीचा दात पडला." "विली, आज वारा वाईट आहे, जपून रे." ती बोलते तेव्हा माझ्या रिकाम्या पोटात तिचा आवाज घुमतो, आणि घुमून परत येताना तो थोडा निराळा वाटतो. तो कोणाचा, ते मी विचारत नाही.

मीना शाळेत जायला लागल्यावर एक दिवस गेडिस सिस्टर पुन्हा आली. तिचे केस पांढरे झाले होते. टिबी नातीला आणायला गेली होती. घरात एल्सपेट होती आणि खिडकीत मी.

"गुपित फुटलं बाई एकदाचं," सिस्टर म्हणाली. "दोन्ही रंगांची मुलं जवळजवळ सारखीच निघाली, थोडं इकडं, थोडं तिकडं. तेल होतं पिवळ्यात. निळ्यात नव्हतंच काही. साधं वनस्पतीचं तेल."

एल्सपेट हातातला कप खाली ठेवायला विसरली. "माशाचं नव्हतं?"

"थेंबसुद्धा नाही."

"पण वास यायचा. समुद्राचा."

"कोळ्याचं घर तुझं. तुमच्या भिंतींनासुद्धा येतो."

मग एल्सपेटने तिला सगळे सांगितले. बांगडा, गाईचे दूध, धक्का. सिस्टरचा चेहरा उतरत गेला. "मी बांगडा म्हणाले होते? मला आठवतही नाही गं. आणि तू एकदा विचारायचं तरी मला!"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत, मी गप्प का झाले ते?"

एल्सपेटने माझ्याकडे पाहिले. इतके लख्ख मला कधी कोणी पाहिले नव्हते. तिला आता मी दिसत होतो तो नुसता डबा, ज्यात कोणीही कधी नव्हते. आणि मलाही मी तसाच दिसलो.

एवढ्यात दार ढकलून टिबी आली, मागून दप्तर हलवत मीना. सिस्टरला पाहून म्हातारीचे डोळे चमकले. "काय गं, लागला का निकाल? निळ्यात होतं ना?"

गेडिस सिस्टरने तोंड उघडले. जन्मभर खऱ्याची नोंद करणारी बाई ती. पण एल्सपेट तिच्या आधी बोलली.

"होतं, आई."

"मला काय सांगता!" टिबी म्हणाली. तिने पदर सावरावा तशी शाल सावरली, खिडकीपाशी आली आणि मला पुसू लागली. "ऐकलंस का रे? आता शहरातले डॉक्टरही म्हणतात."

तर मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. बाळाला दूध पाजणारी बाई एकाएकी गप्प झाली, तर बाळाचे वजन करण्याआधी तिला जवळ बसवून विचारा, 'तुला कसली भीती वाटते?' आणि कधी पोर्टस्केलीला गेलात, एखाद्या खिडकीत निळ्या पट्टीचा डबा दिसला, तर आत काही नाही हे तुम्हाला आता ठाऊक आहे. पण म्हातारीला सांगू नका. मुलाला ठेवायला तिच्याकडे दुसरी जागा नाही.